मुंबईत चित्रीकरणासाठी रस्ता बंद करायचा आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाइन प्रोड्यूसर (चित्रीकरणाचा रोजचा खर्च आणि व्यवस्था पाहणारे), लोकेशन मॅनेजर आणि पहिल्यांदाच रस्त्यावर उतरणाऱ्या छोट्या निर्मिती संस्थांकडून नेहमी येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. मुख्य भर मुंबईवर आहे, कारण राज्यातलं रस्त्यावरचं बरंचसं चित्रीकरण इथंच होतं. पुणे, गावाकडचे रस्ते आणि गोवा यांबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे. अर्ज लटकतात किंवा फेटाळले जातात, त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण दिसतं: गरजेपेक्षा जास्त रस्ता, गरजेपेक्षा जास्त वेळ मागितलेला असतो.

रस्त्यावर शूटिंग म्हटलं की रस्ता बंद करावाच लागतो का?

नाही. आधी आपलं काम कुठल्या प्रकारात बसतं ते ठरवा. पदपथावर किंवा रस्त्याच्या कडेला कॅमेरा, वाहतूक नेहमीसारखी चालू, हा पहिला प्रकार. शॉटपुरती दोन-तीन मिनिटं वाहतूक अडवायची, मग सोडायची, हा दुसरा. ठरावीक तासांसाठी रस्ता किंवा त्याची एक बाजू पूर्ण बंद करून वाहतूक दुसरीकडून वळवायची, हा तिसरा. परवानगी तिन्हींना लागते, पण खटाटोप तिसऱ्यात कित्येक पटींनी वाढतो. दिग्दर्शकाला ‘रिकामा रस्ता’ हवा असतो तेव्हा त्याला बहुधा रिकामी फ्रेम हवी असते. लांब लेन्स लावली की साठ-सत्तर मीटरचा तुकडाही पुरतो. हे संभाषण रेकीच्या, म्हणजे जागेच्या आधीच्या पाहणीच्या वेळीच व्हायला हवं. अर्ज गेल्यावर उपयोग नाही.

परवानगी नेमकी कोण देतं?

एकच कोणी देत नाही. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाचं कार्यालय आहे. त्यांचा फिल्म सेल एक खिडकी प्रणाली चालवतो. ऑनलाइन अर्ज तिथं करायचा, तिथून तो संबंधित यंत्रणांकडे जातो. रस्ता बंद करायचा असेल तर तीन होकार हवेतच: रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, वाहतूक पोलिसांचा आणि स्थानिक पोलीस ठाण्याचा. यातला एक जरी राहिला तरी सेटवर काम थांबू शकतं.

एक खिडकीवर अर्ज केला, तरी पोलीस ठाण्यात आणि वाहतूक चौकीत का जायचं?

कारण त्या दिवशी चौकात उभं राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट आधी माहीत असायला हवी. ऑनलाइन मंजुरी कागदावर येते, बंदोबस्ताची माणसं मात्र स्थानिक ठाण्याच्या त्या दिवसाच्या ड्युटीतून काढावी लागतात. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना आणि त्या भागाच्या वाहतूक विभागाच्या प्रभारी अधिकाऱ्यांना नकाशासह प्रत्यक्ष भेटा. त्याच दिवशी त्या रस्त्यावर मोर्चा, मिरवणूक किंवा मंत्र्यांचा दौरा आहे का, हे तिथंच कळतं. पोर्टलवर कळत नाही.

हा रस्ता कोणाचा, हे कसं ओळखायचं?

मुंबईतले बहुतेक रस्ते महापालिकेचे, आणि त्यासाठी त्या विभागाचं वॉर्ड ऑफिस, म्हणजे सहाय्यक आयुक्तांचं कार्यालय. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 मध्ये एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) महापालिकेकडे आले. जुन्या यादीवर विसंबून आजही काही जण चुकीच्या दारात जातात. वांद्रे-कुर्ला संकुल आणि अटल सेतूसाठी एमएमआरडीए. वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग एमएसआरडीसीचे (महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ). सागरी किनारा मार्ग महापालिकेचा. बॅलार्ड इस्टेट परिसराची जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाची असल्यामुळे तिथं त्यांच्याकडेही विचारून घ्यावं. स्टेशनबाहेरची जागा फसवी असते: एका रेषेपलीकडे रेल्वेची हद्द सुरू होते आणि तिथं मध्य किंवा पश्चिम रेल्वेच्या मुख्य जनसंपर्क अधिकाऱ्यांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. कुलाब्यात लष्कर आणि नौदलाच्या हद्दीचंही तसंच. शंका असेल तर वॉर्ड ऑफिसच्या रस्ते खात्यातल्या अभियंत्याला विचारा, तो जागेवरच सांगतो.

वाहतूक पोलिसांचा आदेश म्हणजे काय? साधं ना-हरकत पत्र पुरत नाही का?

वाहतूक अधूनमधून थांबवण्यासाठी पत्र पुरतं. रस्ता वाहनांसाठी बंद करायचा असेल, एकदिशा रस्ता तात्पुरता दुतर्फा करायचा असेल किंवा एरवी पार्किंग असलेल्या जागी ‘नो पार्किंग’ लावायचं असेल, तर अधिसूचना निघावी लागते. मोटार वाहन कायदा 1988 मधील कलम 115 खाली वाहतूक मर्यादित करता येते आणि कलम 116 खाली त्यासाठीच्या खुणा, फलक लावता येतात. मुंबईत असे आदेश पोलीस उपायुक्त (वाहतूक) यांच्या सहीनं निघतात. निर्बंध एक महिन्याच्या आतले असतील तर राजपत्रात छापण्याची गरज नसते, पण स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. आदेश हातात आला की त्यातली तारीख, वेळ आणि ‘कुठून कुठपर्यंत’ हे तीन तपशील अर्जाशी ताडून पाहा. चौकाचं नाव चुकलेला आदेश असेल तर त्या चौकातला हवालदार तुम्हाला रस्ता बंद करू देणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

अर्ज किती दिवस आधी करावा?

पूर्ण बंदीसाठी किमान तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. अधूनमधून थांबवण्यासाठी दहा-पंधरा दिवस. पोर्टलवर मंजुरीची मुदत काहीही दिसली तरी वाहतूक पोलिसांचे अधिकारी जागा पाहायला येतात, बदल सुचवतात, सुधारित नकाशा मागतात. ही एक फेरी गृहीतच धरा. पावसासाठी किंवा कलाकाराच्या तारखेसाठी पर्यायी दिवस ठेवणार असाल तर तो त्याच अर्जात लिहा. नंतर तारीख बदलली तर आदेश पुन्हा काढावा लागतो.

सोबत कोणते कागद लागतात?

निर्मिती संस्थेचं पत्र आणि नोंदणीचे कागद, निर्मात्याच्या संघटनेचं सदस्यत्व, दृश्याचा सारांश, कलाकार-तंत्रज्ञांची आणि वाहनांची संख्या, तारीख-वेळ, जागेचा नकाशा, वाहतूक वळवण्याचा आराखडा, सार्वजनिक दायित्व विमा, आणि जागेवर चोवीस तास फोन उचलणाऱ्या एका माणसाचं नाव. सारांशात लपवाछपवी नको. ‘नायक रस्ता ओलांडतो’ असं लिहून प्रत्यक्षात पाठलाग, गोळीबार केला तर परवानगी तिथल्या तिथं रद्द होते आणि पुढच्या वेळी त्या ठाण्यात तुमचं कोणी ऐकत नाही.

नकाशा कसा काढायचा?

इथंही बरेच अर्ज मार खातात. फोनवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट आणि त्यावर लाल वर्तुळ, एवढ्यानं काहीच कळत नाही. रस्त्याची रुंदी टेपनं मोजा. बंद होणारा तुकडा कुठल्या इमारतीपासून कुठल्या चौकापर्यंत, ते लिहा. कॅमेरा, क्रेनचा पाया, जनरेटर व्हॅन, व्हॅनिटी (कलाकारांची गाडी), बॅरिकेड आणि माणसं कुठं उभी राहतील ते क्रमांक देऊन दाखवा. बस थांबे आणि तिथून जाणाऱ्या बेस्टच्या मार्गांचे क्रमांक, दवाखाने, शाळा, अग्निशमन केंद्र, प्रत्येक सोसायटीचं फाटक हेही हवं.

पर्यायी रस्ता शूटिंग ज्या वारी, ज्या वेळी आहे त्याच वारी आणि त्याच वेळी स्वतः फिरून पाहा. तो एकदिशा आहे का, अवजड वाहनांना बंदी आहे का, खोदलेला आहे का, बेस्टची बस त्या वळणावर एका दमात वळते का. बस वळत नसेल तर आराखडा तिथंच संपला. बसमार्ग बदलत असतील तर बेस्टच्या वाहतूक विभागाला वेगळं कळवावं लागतं.

वेळ तुकड्यांत लिहा. ‘सकाळी 6 ते सायंकाळी 6 संपूर्ण रस्ता बंद’ हे वाचूनच अधिकारी कागद बाजूला ठेवतो. ‘रविवार, फक्त उत्तरेकडे जाणारी बाजू, 6.00 ते 6.45 मांडणी, 6.45 ते 9.00 चित्रीकरण, 9.00 ते 9.30 आवराआवर’ असं लिहिलेल्या अर्जावर निदान चर्चा सुरू होते.

वाहतूक एका वेळी किती मिनिटं अडवता येते?

तीन मिनिटांच्या वर जाऊ नका. हिशेब सोपा आहे. तासाला 600 वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर मिनिटाला 10 वाहनं येतात. तीन मिनिटं अडवलं की 30 वाहनं साठतात. दोन रांगांत ती उभी राहिली आणि दुचाकी, रिक्षा, मोटारी मिळून सरासरी सहा मीटर धरले, तर रांग 90 मीटर होते. मागचा चौक 70 मीटरवर असेल तर तो चौक तुंबला, आणि आडव्या रस्त्यावरची ज्यांचा तुमच्या शूटिंगशी काही संबंध नाही अशी वाहनंही अडकली. म्हणून आधी दहा मिनिटं उभं राहून वाहनं मोजा, मागच्या चौकापर्यंतचं अंतर मोजा, आणि त्यावरून थांबवण्याची मर्यादा ठरवा. सोडल्यावर पुढच्या टेकआधी, अडवलेल्या वेळेच्या किमान दुप्पट वेळ वाहतूक वाहू द्या. पहिल्या सहायक दिग्दर्शकानं हातात घड्याळ धरणारा एक माणूस फक्त यासाठी नेमावा.

गाड्या अडवायच्या कोणी? आमचे स्पॉटबॉय उभे केले तर?

चालणार नाही. रस्त्यावर वाहन थांबवण्याचा अधिकार युनिटच्या माणसाला नाही. थांबवायचं ते वाहतूक पोलिसांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली वॉर्डननं. युनिटच्या माणसांनी पादचाऱ्यांना विनंती करायची, सोसायटीच्या फाटकापाशी उभं राहायचं, वॉकीटॉकीवरून पोलिसांना ‘रोल’ आणि ‘कट’ कळवायचं. त्यांना परावर्तक जाकिटं द्या, पण पोलिसांच्या जाकिटांसारखी दिसणारी नकोत. वाहनचालकावर हात उगारणं, बोनेटवर थाप मारणं असे प्रकार क्षणात मोबाइलवर चित्रित होतात, आणि त्यानंतर त्या गल्लीत कोणालाच शूटिंग मिळत नाही.

शुल्क किती आणि कशाकशाचं?

रस्त्याच्या मालकाचं जागा-शुल्क, परत मिळणारी अनामत, सशुल्क पोलीस बंदोबस्त, व्हॅनिटी-जनरेटरसाठी अडवलेल्या जागेचं पार्किंग शुल्क आणि गरज असेल तर अग्निशमन दलाच्या बंबाचं शुल्क. दर प्राधिकरणागणिक वेगळे आहेत आणि बदलत राहतात, म्हणून मागच्या प्रकल्पाच्या बजेटमधला आकडा उचलू नका. सगळी रक्कम ऑनलाइन किंवा पावतीवरच भरा. ‘मी सगळं सांभाळतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला रोख दिली, तर वाद झाल्यावर तुमच्याकडे दाखवायला कागद नसतो.

रस्त्यावर आधीपासून उभ्या असलेल्या गाड्यांचं काय?

रस्ता बंद झाला तरी रात्रीच लावलेल्या गाड्या तिथंच असतात, आणि ऐतिहासिक काळातल्या दृश्यात एक स्कूटरसुद्धा सगळं बिघडवते. अधिसूचनेत शूटिंगच्या आदल्या रात्रीपासूनची पार्किंगबंदी समाविष्ट करून घ्या. दोन दिवस आधी फलक लावा, प्रत्येक सोसायटीच्या सूचनाफलकावर आणि व्हॉट्सॲप गटावर सूचना जाऊ द्या, आणि रहिवाशांना गाडी लावायला जवळच पर्यायी जागा भाड्यानं घेऊन द्या. आदल्या रात्री अकरापासून एक माणूस रिकाम्या जागा राखत बसवा. पोलीस टोईंग करतील या भरवशावर राहू नका. आदेश निघण्याआधी लावलेल्या गाडीचा मालक गावाला गेलेला असू शकतो.

रहिवासी आणि दुकानदारांना पैसे द्यावे लागतात का?

रहिवाशांना कायद्यानं नाही. पण ज्या दुकानाचं शटर तुमच्यामुळे बंद राहतं, त्याला त्या दिवसाच्या धंद्याची भरपाई लेखी करारानं देणं योग्यच आहे. फेरीवाले, रिक्षा थांबा, इस्त्रीवाला, दूधकेंद्र यांना बहुतेक युनिट विसरतात, आणि सकाळी साडेपाचला पहिली कुरबूर तिथूनच सुरू होते. सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात असावी: तारीख, वेळ, कुठला भाग बंद, गाडी कुठून काढायची, कोणाला फोन करायचा. आजारी किंवा डायलिसिसला जाणारं कोणी त्या गल्लीत आहे का, हे सोसायटीच्या सचिवांना आधीच विचारा. त्या माणसाच्या येण्याजाण्याची वेळ तुमच्या वेळापत्रकात लिहिलेली असली पाहिजे.

रुग्णवाहिका आली तर?

टेक तोडायचा. यावर चर्चा नाही. बंद रस्त्यातही साडेतीन मीटर रुंदीची एक मार्गिका अशी ठेवा की तिच्यावर केबल, ट्रॅक, क्रेनचं वजन यांतलं काहीच नसेल. डॉली ट्रॅक (कॅमेरा सरकवण्याचे रूळ) आडवा टाकावाच लागला तर तो किती सेकंदांत उचलता येतो ते मांडणीच्या वेळीच करून पाहा. जनरेटरच्या केबलवर रबरी रॅम्प घाला. अग्निशमन दलाच्या हायड्रंटसमोर व्हॅनिटी लावू नका. अरुंद गल्लीत ही चूक हमखास होते.

कोणते दिवस आणि वेळा सोयीच्या?

रविवार पहाट ते सकाळी साडेनऊ-दहा. फोर्ट, हॉर्निमन सर्कल, बॅलार्ड इस्टेट, काळा घोडा या भागांत कार्यालयं बंद असल्यानं रविवारी वाहतूक विरळ असते. तिथं इतकं चित्रीकरण होतं त्याचं हेच कारण. उपनगरांत मात्र रविवारी संध्याकाळ सगळ्यात वाईट. गणेशोत्सव आणि विशेषतः विसर्जनाचे दिवस, दहीहंडी, नवरात्र, दादरच्या बाजूला 6 डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन, 31 डिसेंबर, जानेवारीतली मॅरेथॉन, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट, निवडणुका आणि बोर्डाच्या परीक्षा या काळात अर्जच करू नये असं आमचं मत आहे. पोलिसांकडे तेव्हा द्यायला माणूसच नसतो.

रात्रभर शूटिंग करता येईल का?

रात्री वाहतूक कमी, पण आवाजाचे नियम कडक. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. म्हणजे मेगाफोन बंद, सूचना वॉकीटॉकीवर, प्लेबॅक कानातल्या यंत्रात. जनरेटर ध्वनिरोधक हवा आणि तो इमारतीच्या खिडक्यांपासून शक्य तितका लांब. मोठे दिवे क्रेनवर चढवताना ते कोणाच्या शयनगृहात जाताहेत ते पाहा. रात्री अडीच वाजता येणारी तक्रार बहुधा आवाजापेक्षा उजेडाची असते.

बंदुका, पोलिसांचे गणवेश, स्फोट, गाडी उलटवणं?

प्रत्येकासाठी अर्जात वेगळं कलम लिहा. 26 नोव्हेंबर 2008 नंतर या शहरात रस्त्यावर बंदूक दिसली की लोक नियंत्रण कक्षाला फोन करतात, आणि करायलाच हवा. म्हणून नकली शस्त्रांची यादी ठाण्यात द्या, चित्रीकरण सुरू होण्याआधी पुन्हा कळवा, आणि शस्त्रं शॉटपुरतीच पेटीबाहेर काढा. पोलिसांच्या वेशातल्या ज्युनिअर आर्टिस्टनी चहाला बॅरिकेडबाहेर जाऊ नये. ‘पोलीस’ लिहिलेली आणि खोट्या क्रमांकाची गाडी सेटपर्यंत खऱ्या क्रमांकानं, अक्षरं झाकून किंवा ट्रेलरवर यावी. आग आणि स्फोटासाठी अग्निशमन दलाचं ना-हरकत, परवानाधारक तज्ज्ञ आणि जागेवर बंब लागतो. घोडा, कुत्रा असे प्राणी असतील तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी.

कृत्रिम पाऊस?

नेहमीच्या टँकरमध्ये 10,000 लिटर पाणी असतं, म्हणजे नुसतं पाणीच दहा टन. खाली जुनी गटारं असलेल्या कडेला तो उभा करू नका. पिण्याचं पाणी वापरू नका, विहिरीचं घ्या. कोरड्या ऋतूत रस्त्यावर तेल आणि धूळ साठलेली असते. तिच्यावर पाणी पडलं की निसरडं होतं आणि रस्ता उघडल्यावर पहिला दुचाकीस्वार घसरतो. आवराआवरीच्या वेळेत रस्ता झाडून, पाणी ओढून कोरडा करण्याची अर्धा तास वेगळी तरतूद ठेवा.

चालत्या गाडीतलं दृश्य आहे. पूर्ण रस्ता बंद करावा लागेल?

बहुधा नाही. गाडी ट्रेलरवर ठेवून पुढे-मागे पोलिसांची वाहनं, आणि मागची वाहतूक संथ गतीनं रोखत सरकणारा ताफा, असं करता येतं. पण मार्ग ठरलेला हवा, परतीचं वळण कुठं ते ठरलेलं हवं. बाजूला बाहेर आलेल्या कॅमेरा-रिगची रुंदी आणि ट्रेलरसकट उंची अर्जात द्या. उड्डाणपुलाखालून आणि झाडांच्या फांद्यांखालून जाताना उंचीच नडते.

ड्रोन उडवायचा आहे.

रस्त्याच्या परवानगीत तो धरलेला नसतो. ड्रोन नियम 2021 नुसार डिजिटल स्काय नकाशावर जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे ते पाहा. विमानतळ आणि नौदलामुळे मुंबईचा मोठा भाग निर्बंधाखाली येतो. त्याशिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली ड्रोनबंदीचे आदेश काढतात, म्हणून पोलिसांची लेखी परवानगी वेगळी घ्या. दक्षिण मुंबईत ड्रोनऐवजी गच्चीवरून किंवा क्रेनवरून शॉट घेणं व्यवहार्य ठरतं.

परवानगी न घेता, लहान युनिट घेऊन पटकन उरकलं तर?

मोबाइलवर रील करणाऱ्या दोघांनासुद्धा रस्ता अडवण्याची मुभा नाही. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा आणला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महापालिका अधिनियमाखाली रस्त्यात ठेवलेलं सामान पूर्वसूचनेशिवाय उचललं जाऊ शकतं, आणि त्यात भाड्याचा कॅमेराही आला. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी आधी परवानगीच मागते. विद्यार्थ्यांनी पदपथावरचा पहिला प्रकार निवडावा, संस्थेचं पत्र जोडावं आणि खरोखर रस्ता हवा असेल तर चित्रनगरीतल्या अंतर्गत रस्त्याचा विचार करावा.

पुणे, गावाकडे किंवा गोव्यात कसं?

पुण्यात महापालिका आणि पुणे वाहतूक पोलीस. गावाकडे रस्त्याची पाटी बघा: राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग बहुधा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आतले रस्ते जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीकडे. पोलीस ठाणं आणि तहसीलदार दोन्हीकडे कळवा, आणि बाजाराचा दिवस, यात्रा, उसाच्या गाड्यांचा हंगाम हे गावात विचारून घ्या. कारखान्याच्या रस्त्यावर गळीत हंगामात वाहतूक अडवणं म्हणजे मैलभर ट्रॅक्टरची रांग. गोव्यात चित्रीकरणाच्या परवानगीसाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा ही मध्यवर्ती संस्था आहे, पण पंचायतीला विश्वासात घेतल्याशिवाय गावातला रस्ता मिळत नाही. परदेशी निर्मिती असेल तर या सगळ्याआधी केंद्र सरकारच्या इंडिया सिने हब या कक्षामार्फत केंद्राची परवानगी घ्यावी लागते.

सगळं असूनही त्या दिवशी काम थांबवलं गेलं. काय करायचं?

वाद घालू नका. आदेशाची मूळ प्रत आणि दोन छायाप्रती जागेवर असाव्यात, फोनमधला फोटो नव्हे. वेळ संपल्यावरही काम चालू ठेवणं, नकाशाबाहेर व्हॅनिटी लावणं, ठरल्यापेक्षा जास्त गर्दी जमणं ही नेहमीची कारणं. ऐनवेळी महत्त्वाच्या व्यक्तीचा ताफा आला तर रस्ता लगेच मोकळा करून द्या आणि गेलेला वेळ वाढवून मागा. आपणहून रस्ता दिलेल्या युनिटला अर्धा तास वाढवून मिळण्याची शक्यता जास्त असते.

अनामत परत कशी मिळते?

मांडणीपूर्वी रस्ता, दुभाजक, पदपथाच्या फरशा, झाडांची आळी आणि भिंती यांचे तारीख-वेळेसह फोटो काढा, आवरल्यावर त्याच कोनातून पुन्हा काढा. रंगवलेली भिंत मूळ रंगात, चिकटवलेली खोटी पाटी काढून, दुभाजकाचे काढलेले खांब परत बसवून द्यायचे. खिळे, तारेचे तुकडे आणि फुटलेली काच चुंबकी झाडूनं आणि हातानं गोळा करा. काच चुंबकाला लागत नाही. जेवणाचा कचरा ओला-सुका वेगळा करून स्वतःच्या गाडीतून न्या. त्याच दिवशी वॉर्डाच्या अभियंत्याला जागा दाखवून लेखी पोच घ्या. आठ दिवसांनी गेलात तर मधल्या काळात कोणीतरी खोदलेला खड्डाही तुमच्याच नावावर येतो.